मोटर लावलेली बिजागरी: सिम्युलेशनमधला दुसरा आकडा

दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. रोबोचा कोपर, गुडघा, चाकाचा आस हे सगळे फिजिक्स इंजिनच्या दृष्टीने बिजागरीच. तिला मोटर जोडली की दोन आकडे द्यावे लागतात: किती वेगाने फिरायचं आणि त्यासाठी जास्तीत जास्त किती टॉर्क वापरायचा. नवखा विद्यार्थी पहिल्या आकड्याचा नीट विचार करतो आणि दुसऱ्याच्या जागी १००० टाकून मोकळा होतो. रोबो लगेच ऐकायला लागतो, आलेख छान येतात. पण त्या रोबोत आता जगात कुठेही न मिळणारी मोटर बसलेली असते. म्हणून आज या दुसऱ्या आकड्याबद्दल बोलूया.

मोटर ही एक अट आहे

ओपन डायनॅमिक्स इंजिन (ओडीई) आणि बुलेट या दोन्ही इंजिनांत बिजागरीची मोटर 'अट' म्हणून सोडवली जाते. प्रत्येक टाइमस्टेपला सॉल्व्हर विचारतो: ही स्टेप संपेपर्यंत सांधा ठरलेल्या वेगाला आणायचा तर किती टॉर्क लागेल? उत्तर मर्यादेच्या आत असेल तर तेवढाच देतो. जास्त असेल तर मर्यादेवर थांबतो. म्हणजे दुसरा आकडा हा 'लावलेला टॉर्क' नाही, ती कमाल मर्यादा आहे.

हे असं का केलं असेल? वेगातल्या फरकाच्या प्रमाणात टॉर्क आपणच हाताने लावला आणि गुणांक मोठा ठेवला, तर सांधा दर स्टेपला लक्ष्याच्या पुढे-मागे उड्या मारायला लागतो. अटीच्या पद्धतीत तो त्रास होत नाही.

हिशोब करून बघू

समजा, २ किलो वजनाचा, ०.५ मीटर लांबीचा एकसारखा दांडा एका टोकाला बिजागरीवर बसवलाय आणि सध्या आडवा आहे. गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क: २ × ९.८१ × ०.२५ = सुमारे ४.९ न्यूटन-मीटर. बिजागरीभोवतीचं जडत्व आघूर्ण: २ × ०.५² ÷ ३ = ०.१६७ किलो-मीटर². लक्ष्य आहे वरच्या दिशेने २ रेडियन प्रति सेकंद.

- मर्यादा ४: मोटर चालू असूनही दांडा खाली जातो.
- मर्यादा ६: गुरुत्वाकर्षण वजा जाता १.१ उरतात. त्वरण सुमारे ६.६ रेडियन प्रति सेकंद², म्हणजे लक्ष्य गाठायला साधारण ०.३ सेकंद.
- मर्यादा १०००: १/२४० सेकंदाच्या पहिल्याच स्टेपमध्ये लक्ष्य गाठलं!

तिन्ही ठिकाणी लक्ष्य-वेग तोच, दांडा तोच. वागणूक ठरवली ती दुसऱ्या आकड्याने. तिसऱ्या ओळीतल्या रोबोवर तुम्ही चालण्याचा अल्गोरिदम शिकवलात, तर तो खऱ्या मोटरवर चालेल असं म्हणायला काहीच आधार राहत नाही.

इंजिनागणिक बदलणाऱ्या गोष्टी

पायबुलेटमध्ये फिरणाऱ्या प्रत्येक सांध्याला सुरुवातीपासूनच एक वेग-मोटर लावलेली असते. तुम्ही थेट टॉर्क देणार असाल, तर आधी वेग-नियंत्रणात 'फोर्स' शून्य करून ती बंद करा. नाहीतर सांधा गंज धरल्यासारखा वागतो आणि आपण कारण भलतीकडेच शोधत बसतो.

बुलेटच्या सी++ मधल्या हिंज कन्स्ट्रेंटला टॉर्क नव्हे, आवेग म्हणजे इम्पल्स द्यावा लागतो. आवेग = टॉर्क × टाइमस्टेप. ६ न्यूटन-मीटरसाठी १/६० सेकंदाच्या स्टेपला ०.१ द्यायचे, तर १/२४० ला ०.०२५. स्टेप बदलली आणि हा आकडा तसाच ठेवला, तर मोटर गुपचूप चौपट ताकदवान होते.

एक उपयोगी युक्तीही सांगतो. लक्ष्य-वेग शून्य आणि मर्यादा अगदी लहान ठेवली की तीच मोटर सांध्यातलं घर्षण म्हणून काम करते.

आधी लंबक, मग रोबो

मोटर आणि डॅम्पिंग बंद करा, वरचाच दांडा खाली लोंबू द्या आणि थोडासा झोका द्या. लहान झोक्यांसाठी आवर्तनकाल सुमारे १.१६ सेकंद यायला हवा. नाही आला, तर यूआरडीएफ फाइलमधलं जडत्व तपासा. तिथे वस्तुमानकेंद्राभोवतीचं मूल्य लागतं, ते या दांड्यासाठी ०.०४२ आहे. हे जुळल्याशिवाय मोटरला हात लावू नका.

मग मर्यादा कुठून घ्यायची? मोटरच्या डेटाशीटमधून. छंदासाठीच्या सर्वोंवर टॉर्क किलो-सेंटीमीटरमध्ये लिहितात. १० किलो-सेंटीमीटर म्हणजे ०.९८ न्यूटन-मीटर. हा आकडा बहुधा मोटर अडवून धरलेली असतानाचा असतो. वेग वाढतो तसा डीसी मोटरचा उपलब्ध टॉर्क कमी होतो, इंजिनमधली मर्यादा मात्र स्थिर राहते. त्यामुळे थोडा कमीच आकडा धरा, किंवा दर स्टेपला वेगानुसार मर्यादा बदला.

आणि प्रबंधाच्या 'पद्धती' प्रकरणात चार गोष्टी लिहाच: इंजिनची आवृत्ती, टाइमस्टेप, लक्ष्य-वेग आणि टॉर्कची मर्यादा. तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला पुन्हा करून बघायचा असेल, तर त्याला हे चारही आकडे लागतील. तोंडी परीक्षेत "तुमच्या रोबोची मोटर कुठली?" असं कुणी विचारलं, तर उत्तरही तिथेच सापडेल.