मेंदूतला स्टेंट निकामी ठरला तर?

हृदयातला स्टेंट आता घरोघरी ठाऊक आहे. पण तसाच स्टेंट मेंदूतही बसवतात, हे अनेकांना माहीत नसते. मेंदूतील धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमजोर झाली की तिथे फुगा येतो. यालाच 'अॅन्युरिझम' म्हणतात. तो फुटला तर एकाएकी असह्य डोकेदुखी सुरू होते, उलट्या होतात, मान ताठते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

१९३७ साली अमेरिकेत डॉ. वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशा फुग्याच्या मुळाशी चांदीचा चिमटा लावला. १९९० च्या दशकात जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरण्याचा उपाय आला. फुग्याचे तोंड रुंद असेल तर वेटोळी बाहेर सरकतात. ती थोपवण्यासाठी पुढे स्टेंट आला.

अडचण कुठे येते?

पुष्कळ रोग्यांना स्टेंटने गुण येतो. पण कधी त्यात रक्ताची गुठळी होते, कधी तो जागचा हलतो, तर कधी फुगा पुन्हा भरू लागतो. अशा वेळी काही रोग्यांवर शस्त्रक्रिया करता येते, पण ती पहिल्यापेक्षा अवघड असते. धमनीत आधीच जाळी असल्याने चिमटा नीट मिटत नाही. जुना स्टेंट धमनीच्या अस्तरात रुतलेला असतो, तो सहसा काढता येत नाही. मग शल्यचिकित्सक डोक्याच्या त्वचेखालील धमनी मेंदूतील धमनीला जोडून रक्ताला नवी वाट देतात आणि फुग्याचा भाग बंद करतात. हा 'बायपास' १९६७ मध्ये झुरिच येथे डॉ. यासारगिल यांनी प्रथम केला.

गोळ्यांचा पेच

स्टेंटनंतर गुठळी होऊ नये म्हणून सहसा अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात. गोळ्या चालू ठेवल्या तर शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढतो. बंद केल्या तर गुठळी होऊन पक्षाघाताचे भय. म्हणून दात काढायचा असला तरी आपल्या मनाने गोळ्या थांबवू नका, आधी मेंदूच्या डॉक्टरांना विचारा.

स्टेंट बसवण्यापूर्वीच विचारून घ्या : गोळ्या किती दिवस? पुन्हा तपासणी केव्हा? आणि हा उपाय फसला तर पुढे काय? स्टेंटचे कार्ड व जुने अहवाल घरात सर्वांना सापडतील असे ठेवा. संकटाच्या वेळी डॉक्टरांना तेच वाट दाखवतील.