थोडक्या नळात सगळ्यांना पाणी



शिरगावात पाण्याची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. खनिजासाठी खोदलेले खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले आणि गावातल्या विहिरींचे पाणी ओढले गेले. विहीर आटली की सारी भिस्त नळावर येते. म्हणून नळाच्या जाळ्याचे गणित आम्ही वर्गात जमिनीवर मांडून शिकवतो. संगणक लागत नाही. खडू आणि माडाच्या हिरांचे सारख्या लांबीचे तुकडे पुरतात.

खडूने पाच वर्तुळे काढा: टाकी, देऊळ, शाळा, पंचायत, वाडा. ती रेषांनी जोडा आणि प्रत्येक रेषेवर लागणाऱ्या हिरांचा आकडा लिहा. देऊळ-शाळा २, शाळा-पंचायत ३, वाडा-टाकी ३, देऊळ-पंचायत ४, पंचायत-वाडा ५, शाळा-वाडा ६, टाकी-देऊळ ७. (आकडे काल्पनिक आहेत.) सगळ्या रेषांवर नळ टाकला तर ३० हीर लागतात. कमीत कमी कितीत भागेल?

मुले आधी अंदाजाने मांडतात. मग आम्ही नियम सांगतो: सर्वांत लहान रेषा आधी घ्या, जिची दोन्ही टोके आधीच जोडली गेली आहेत, ती सोडा. २, ३, ३ घेतल्या, ४ सोडली, ५ घेतली. झाले १३! पाच ठिकाणांना चारच रेषा लागल्या.

हा नियम जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ साली मांडला. त्याआधी, १९२६ साली, ओटाकर बोरुव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हियातील विजेच्या तारांसाठी हाच प्रश्न सोडवला होता.

आता खरी परीक्षा. पंचायत-वाडा हा नळ फुटला असे समजा आणि ते हीर उचला. पंचायत, शाळा, देऊळ तिन्ही कोरडी! स्वस्त जाळ्यात दुसरी वाट उरत नाही. टाकी-देऊळ ही ७ हिरांची रेषा जोडा. खर्च २० झाला, पण जाळ्याचे कडे बनले. आता कोणताही एक नळ फुटला तरी पाणी दुसऱ्या बाजूने सर्वांना पोहोचते.

तेव्हा ७ हीर वाचवावेत की खर्चावेत? याचे उत्तर नियम देत नाही. ते गावाने ठरवायचे असते. आपल्या वाड्याचा नकाशा काढा, अंतरे पावलांनी मोजा आणि घरच्यांबरोबर हा खेळ मांडून पाहा.