समुद्रतळावरची तांब्याची भट्टी

माझ्या लहानपणी वर्षातून एकदा आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. दादी आतून तांब्याची देगची काढून द्यायची. कल्हईवाला भात्यानं निखारे फुलवायचा, देगची तापवायचा आणि तिच्यात नवसागराची चिमूट टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा. मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं, की काळवंडलेली देगची आतून चांदीसारखी लखलखायची. तेव्हा पडलेला एक प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं राहिला होता. हे तांबं जमिनीत येतं कुठून?

खरं तर तांबं सगळीकडे आहे. ज्वालामुखीतून निघालेला काळा बसाल्ट दगड घ्या. त्याच्या एका टनात साधारण शंभर ग्रॅमपर्यंत तांबं असतं. पण एवढ्याशा तांब्यासाठी कुणी खाण खणणार नाही. खाण परवडायची तर टनामागं काही किलो तांबं हवं. म्हणजे विखुरलेलं तांबं आधी कुणीतरी एका जागी गोळा करायला हवं. हे काम निसर्ग ज्या अनेक ठिकाणी करतो, त्यांतलं सर्वांत विलक्षण ठिकाण म्हणजे खोल समुद्राचा तळ.

महासागरांच्या तळाशी हजारो किलोमीटर लांबीच्या पर्वतरांगा आहेत. तिथं पृथ्वीचं कवच दुभंगतं, दोन्ही बाजू हळूहळू दूर सरकतात आणि खालून लाव्हारस वर येतो. थंड होताना या खडकाला असंख्य भेगा पडतात. समुद्राचं पाणी त्या भेगांतून खाली झिरपतं आणि तप्त खडकाच्या सान्निध्यात साडेतीनशे ते चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापतं. एवढं तापूनही ते सहसा उकळत नाही, कारण त्याच्यावर दोन-अडीच किलोमीटर उंचीच्या पाण्याचा दाब असतो. वाटेत त्याचा स्वभावच बदलतो. त्यातलं मॅग्नेशियम खडकात अडकतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि खडकातलं लोह, तांबं, जस्त आणि गंधक आपल्यात विरघळवून घेतं. धातूंना वाहून नेण्याच्या कामी मुख्यतः मिठातलं क्लोराइड येतं. कल्हईवाल्याच्या नवसागरातही क्लोराइडच असतं. देगचीवरचा काळा थर ते काढून नेतं, म्हणून तर कथील चिकटतं. दादीच्या अंगणात चिमटीनं होणारं काम समुद्राखाली डोंगराएवढ्या मापानं चाललेलं असतं.

तापलेलं पाणी हलकं होऊन वर उसळतं. तळाशी त्याची गाठ दोन अंशांच्या गार पाण्याशी पडते आणि क्षणात त्याचा धातू पेलण्याचा जोर संपतो. धातू आणि गंधक एकत्र येऊन त्यांची बारीक काळी भुकटी होते. तिलाच आपण धातूंची सल्फाइडं म्हणतो. दुरून पाहिलं, तर गिरणीच्या धुराड्यातून काळा धूर निघावा तसं दिसतं.

हे दृश्य माणसानं प्रथम 1979 साली पाहिलं. मेक्सिकोजवळ, पॅसिफिक महासागरात सुमारे 2,600 मीटर खोलीवर ‘अल्विन’ ही अमेरिकन पाणबुडी उतरली होती. शास्त्रज्ञांनी त्या धुरात तापमापक घातला, तर त्याच्या दांडीचं प्लास्टिक वितळलं! पाणबुडीच्या खिडक्याही ॲक्रिलिकच्याच होत्या, हे ध्यानात घेतलं म्हणजे आतल्या मंडळींना काय वाटलं असेल, याची कल्पना यावी. त्याआधी दोन वर्षं, 1977 मध्ये, गालापागोस बेटांजवळ कोमट झऱ्यांभोवती त्यांना भरगच्च जीवसृष्टी सापडली होती. तिथं सूर्यप्रकाश पोहोचत नाही. कुजक्या अंड्याचा वास देणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर तिथले जिवाणू जगतात आणि त्या जिवाणूंच्या जोरावर बाकीचे जीव.

आता खाण कशी होते ते पाहू. आधी कॅल्शियम सल्फेटची पातळ भिंत उभी राहते आणि तिच्या आत तांब्याचं खनिज जमू लागतं. धुराडं वाढतं, कोसळतं, त्याच्या ढिगाऱ्यावर दुसरं उभं राहतं. असा उंचवटा तयार होतो. खालून येणारं गरम पाणी त्यातून झिरपत राहतं. आतलं जस्त विरघळवून ते बाहेरच्या थंड भागाकडे ढकलतं आणि तांबं मध्यभागी ठेवतं. पण बहुतेक धातू धुराबरोबर समुद्रात पसरून जातो. राहिलेला ढिगारा उघडा पडला, तर पाण्यातल्या प्राणवायूनं गंजतो. त्याच्यावर वेळीच लाव्हा किंवा गाळ पसरला, तरच तो टिकतो.

याचा पुरावा सायप्रस बेटावर आहे. तिथला त्रूदोस पर्वत म्हणजे सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे. भूकवचाच्या हालचालींनी तो उचलला गेला. पाण्याखाली थिजलेले उशीसारखे गोलाकार लाव्हा तिथं आज कोरड्या डोंगरात दिसतात. खाणींतल्या सल्फाइडात नळीत राहणाऱ्या कृमींचे अश्मावशेषही मिळाले आहेत. हजारो वर्षं या बेटानं जगाला तांबं पुरवलं. रोमन लोक तांब्याला ‘सायप्रसचा धातू’ म्हणत. त्यावरूनच लॅटिन ‘क्युप्रम’ आणि पुढं इंग्रजी ‘कॉपर’ हे शब्द आले.

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आली आहे. कोकणचा किनारा ज्या अरबी समुद्राला लागतो, त्याच समुद्रात दूरवर कार्ल्सबर्ग नावाची अशी पर्वतरांग आहे. हिंद महासागराच्या तळावरील सल्फाइडांचा शोध घेण्यासाठी भारतानं 2016 साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी पंधरा वर्षांचा करार केला. 2025 मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार झाला. हे करार शोधाचे आहेत, उत्खननाचे नव्हेत. पण शोध कशासाठी, हे सर्वांनाच कळतं. विजेच्या तारांना, मोटारींना तांबं हवं आहे.

याच महासागरातल्या उष्ण झऱ्यांपाशी 2001 साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडाचे खवले आहेत. ज्या मातीतून खाण होते, त्याच मातीचं चिलखत! 2019 मध्ये तिचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं. कारण होतं समुद्रतळावरच्या संभाव्य खाणकामाचं.

थंड पडलेले, निर्जीव ढिगारे तपासावेत. धगधगती धुराडी मात्र राहू द्यावीत, असं मला वाटतं. दादीची देगची आजही आमच्या घरात आहे. तांबं वितळवून पुन्हा घडवता येतं. पेटत्या भट्टीपाशी जगणारा जीव एकदा गेला, की त्याला कल्हई करून परत आणता येत नाही.