काळ्या पाण्यापलीकडचे मलप्पुरम

अंदमान म्हटले की आपल्यापुढे सेल्युलर जेल उभे राहते. शाळेच्या पुस्तकात आपण तेवढेच वाचलेले असते. पण पोर्ट ब्लेअर शहरातून (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव श्री विजय पुरम आहे) बाहेर पडले की दक्षिण अंदमानात वंडूर, मंजेरी, कालिकत, मलप्पुरम, तिरूर, मन्नारघाट अशी गावे लागतात. केरळ पाहिलेल्या माणसाला ही नावे वाचून आश्चर्य वाटेल, कारण ती सगळी मलबारमधली आहेत. बंगालच्या उपसागरातल्या बेटावर ती कशी आली, ही एका मुस्लिम समाजाच्या नव्या घराची गोष्ट आहे. ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी समुद्रापलीकडे गेले आहे, त्या प्रत्येकाने ती वाचावी असे मला वाटते.

शिक्षा म्हणून मिळालेले बेट

ऑगस्ट १९२१ मध्ये मलबारात मोठा उठाव झाला. खिलाफत चळवळीचा जोर, कुळांवर होणारा जमीनदारांचा जुलूम आणि इंग्रज सरकारविषयीचा राग ही त्यामागची कारणे होती. त्या काळात हिंदू शेजाऱ्यांवर अत्याचारही झाले, हेही लपवून चालणार नाही. सरकारने उठाव अत्यंत कठोरपणे मोडून काढला. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिरूरहून मापिळा कैद्यांना मालगाडीच्या बंद डब्यात कोंबून नेण्यात आले. त्यातले साठहून अधिक जण गुदमरून मेले.

हजारो माणसे तुरुंगात गेली आणि मद्रास इलाख्यातल्या तुरुंगांत जागा उरली नाही. अंदमानला कैदी पाठवणे बंद करावे अशी शिफारस तुरुंग सुधारणा समितीने नुकतीच केली होती. तरीही १९२२ पासून मापिळा कैद्यांना जहाजाने अंदमानला पाठवले जाऊ लागले. त्यातले बहुतेक शेतमजूर आणि छोटी कुळे होती. त्यांचे आयुष्य गावाच्या आसपास गेले होते. आता ते अशा बेटावर होते, जिथे पोहोचायला जहाजाने तीन-चार दिवस लागत.

बायकामुले आली, तेव्हा घर झाले

सरकारला बेटावर स्थायिक होणारी माणसे हवी होती. ज्या कैद्याची बायकामुले येतील, त्याला तुरुंगाबाहेर राहता येईल आणि कसायला जमीन मिळेल, अशी ती योजना होती. मलबारात तिला विरोध झाला. माणसे आधीच गेली, आता कुटुंबेही मुळापासून उपटून न्यायची का, असा प्रश्न लोक विचारत होते. तो चुकीचा नव्हता.

पण त्या प्रत्येक बाईपुढे प्रश्न याहून साधा आणि याहून अवघड होता. नवरा परत येईल याची खात्री नाही. मुलांना घेऊन काळ्या पाण्यावर जायचे, की माहेरच्या आधाराने इथेच दिवस काढायचे? काही गेल्या नाहीत. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्या गेल्या, त्यांच्यामुळे अंदमानातल्या बराकींच्या बाहेर चूल पेटली. या बायकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. पण पुरुष तिथे कैदी म्हणून आले होते आणि वस्ती झाली ती या बायका आल्यावर, एवढे निश्चित.

ओळखीचे आणि अनोळखी

अंदमान आणि मलबार जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तीच दमट हवा, तसाच धुवांधार पाऊस. अंदमानात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो दोन्ही मोसमांत येतो. माड, पोफळी, फणस, केळी आणि भात हे सारे तिथे होते किंवा लावता येत होते. आपल्या कोकणातला माणूस तिथे गेला तर त्यालाही परसात उभे राहून ओळखीचे वाटेल. मापिळा बायका तांदळाच्या पिठाची पत्तिरी करतात. ती आपल्याकडच्या तांदळाच्या भाकरीची सख्खी बहीण शोभावी अशी असते. नव्या जागी जुन्या चवीचे जेवण रांधता आले की मन अर्धे स्थिरावते.

अनोळखी गोष्टीही पुष्कळ होत्या. जमीन मिळाली ती जंगलाची. अजस्र झाडे तोडून, दलदल कोरडी करून मग भात लावायचा. मलेरियाने माणसे हैराण होत. दिवसाचे गणितसुद्धा वेगळे. आजही अंदमानचे घड्याळ भारतीय वेळेवरच चालते, पण बेटे फार पूर्वेला असल्याने जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरमध्ये मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक आधी मगरिबची वेळ होते. मुंबईत लोक असरची नमाज पढून कामाला लागलेले असतात, तेव्हा तिथे दिवे लागतात.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. मलबारात नमाजला उभे राहिले की तोंड पश्चिमेला, समुद्राकडे असते. अंदमानातही किब्ला पश्चिमेलाच, आणि मलबारही साधारण त्याच बाजूला. म्हणजे माणूस किब्ल्याकडे तोंड करून उभा राहिला की त्याचे जुने गाव आपोआप समोर येई.

मशीद, मदरसा आणि बोली

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे या गोष्टीतला भाषेचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मापिळांची भाषा मलयाळम. ती अरबी लिपीत लिहिण्याची त्यांची जुनी पद्धत आहे, तिला अरबी-मलयाळम म्हणतात. बेटावर मात्र देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या कैद्यांमुळे हिंदुस्थानी ही बाजाराची भाषा आधीच रूढ झाली होती. तिच्यात उर्दूचा वाटा मोठा होता. मौलाना फज्ले हक खैराबादी यांचे १८६१ मध्ये अंदमानातच निधन झाले. मौलाना जाफर थानेसरी १८६६ ते १८८३ एवढा काळ तिथे होते. तिथेच त्यांनी संसार केला आणि परतल्यावर त्या दिवसांची हकीकत उर्दूत लिहिली.

मापिळांनी बाजारात हिंदुस्थानी बोलायला सुरुवात केली आणि घरात मलयाळम ठेवली. वस्तीबरोबर मशीद आणि मदरसा आला. त्यामुळे मुलांना घराबाहेरही आपली भाषा कानावर पडण्याची जागा राहिली. आईने अंगाईत जपलेली भाषा पुढच्या पिढीत टिकवायची तर अशी एखादी जागा लागतेच.

शेजार आणि संकट

या बेटावर नव्याने आलेले ते एकटेच नव्हते. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन कुटुंबे आली, उत्तर प्रदेशातून भांतू आले, फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित आले. प्रत्येकाचे दुःख वेगळे, पण नवे घर उभारण्याचे काम सर्वांचे सारखेच होते. मार्च १९४२ ते १९४५ या काळात बेटांवर जपानचा ताबा होता. उपासमार आणि छळ सर्व समाजांनी एकत्र सोसला.

आणखी एक शेजार विसरता कामा नये. जे जंगल तोडून शेते झाली ते मोकळे नव्हते. जारवा आणि ग्रेट अंदमानी लोक तिथे हजारो वर्षांपासून राहत होते. १८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत सुरू केली तेव्हा ग्रेट अंदमानी काही हजार होते. रोगराई आणि संघर्षामुळे आज ते जेमतेम पन्नासेक उरले आहेत. मापिळांना तिथे इंग्रजांनी नेले, हे खरे. पण आपले नवे घर ज्या जमिनीवर उभे राहते तिच्यावर आधी कोणाचा हक्क होता, हा प्रश्न घर मिळालेल्या प्रत्येकाने विचारायला हवा.

आपल्यासाठी

आपल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांत आखातात गेलेली माणसे घरोघरी आहेत. कुटुंब न्यावे की इथेच ठेवावे, हा सवाल आजही जेवणाच्या दस्तरखानावर होतो. आपले जाणे शिक्षेचे नाही, रोजीचे आहे, हा मोठा फरक आहे. अल्लाहचा शुक्र आहे की आपल्याला निवड करता येते. भाडे, फी, व्हिसा यांचा हिशेब करावाच लागतो. पण त्या हिशेबात आणखी काही ओळी धराव्यात. तिथे मुलांना आपली बोली कोण ऐकवणार? घरातल्या बाईला एक तरी मैत्रीण मिळेल का? आजूबाजूची मशीद नुसती नमाजची जागा आहे, की अडीअडचणीला धावणारी माणसेही तिथे भेटतात? शेजारी वेगळ्या धर्माचा, वेगळ्या भाषेचा असेल तर पहिले ताट आपण पाठवणार का?

मदिनेत हिजरत करून आलेल्यांना आमच्या नबींनी (स.) एकेका अन्सारीचा भाऊ करून दिले होते. नवी जागा माणसाला घर वाटायला आधी कोणीतरी आपले म्हणावे लागते, ही त्यातली शिकवण आहे. अंदमानच्या मापिळांना असे अन्सार मिळाले नाहीत. ते एकमेकांचेच अन्सार झाले.

ज्या तिरूरमधून माणसे मरणाच्या डब्यात भरली गेली, त्या गावाचे नावही बेटावर आहे. इतके भोगल्यावर कुणीही ते नाव टाकून दिले असते. पण आज तिरूर आणि मलप्पुरम इथली मुले दप्तर घेऊन शाळेत जातात आणि आपले गाव कोणते म्हणून विचारले, तर याच बेटाकडे बोट दाखवतात.