तुपाच्या थेंबाखालचं पीक

‘लस करायला आधी जंतू लागतात ना? मग इतके जंतू आणतात कुठून?’ असं एका शाळकरी वाचकानं विचारलंय. प्रश्न झकास आहे. प्लेगच्या रोग्याच्या गाठीतून सुईच्या टोकावर मावतील एवढेच जंतू मिळाले तरी पुरतात. बाकीचे वाढवायचे असतात. आणि वाढवणं म्हणजे, खरं सांगायचं तर, रांधणंच.

प्लेगनं मुंबई रिकामी व्हायला लागली तेव्हा, ऑक्टोबर १८९६ मध्ये, जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगवर लस करायला इथं आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून, तीन शिपाई. प्लेगचा जंतू ओळखीचा होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याला खायला काय घालायचं? युरोपात गोमांसाचं सार वापरत. इथं त्या सारात वाढवलेली लस कुणी टोचून घेतली नसती. डुकराचंही नावच नको. हाफकिननी बोकडाच्या मटणाचं सार केलं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या सारावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. हो, आपलं तूप! प्लेगच्या जंतूला हवा मानवते, म्हणून तो पृष्ठभागाकडे ओढ घेतो; पण तिथं धरायला काहीतरी हवं. तरंगत्या थेंबाच्या खालच्या बाजूला त्यानं बिऱ्हाड केलं आणि तिथून तो खाली वाढू लागला. गुहेच्या छतातून लवणस्तंभ लोंबतात, तशा पांढुरक्या दोऱ्या सारात लोंबू लागल्या. अट एकच, चंबूला धक्का लावायचा नाही. विरजण लावलेल्या पातेल्याला हात लावला की आजी ओरडते, तसंच हे. तापमान साधारण २८ अंश सेल्सिअस पुरतं, आणि ते मुंबईला काही परकं नाही.

तूप आणखी एका कामाला आलं. दुसरे जंतू घुसले तर सार सरसकट गढूळ होतं. असे लोंबते झुपके दिसले म्हणजे आत प्लेगच वाढतोय, याची खूण पटे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच नुसत्या नजरेला पहिली पारख मिळाली. मला हाफकिनांची हुशारी सर्वांत जास्त इथं दिसते.

(स्वयंपाकघर प्रयोगशाळेच्या कामी असं आधीही आलं होतं. जर्मनीत जंतू वाढवायला घट्ट थर हवा होता, तेव्हा जेलीत घालायचं आगर सुचवलं ते फॅनी हेसे यांनी, १८८१ मध्ये. आपण त्यालाच चायना ग्रास म्हणतो. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आगर उचललं. बाईंचं नाव मात्र आपल्या लेखात घातलं नाही.)

झुपके पुरेसे वाढले की चंबू हलवायचा. सगळं पीक भुरभुरत तळाशी बसतं आणि तुपाखाली नवं धरू लागतं. असं पुन्हा पुन्हा, पाच-सहा आठवडे. मग तासभर ६५ ते ७० अंशांवर तापवून सगळ्यांना मारायचं. मेलेले जंतू ठेवायचे आणि सारही ठेवायचं, कारण त्यात जंतूंनी सोडलेलं विष उतरलेलं असतं आणि तेही उपयोगी, असं हाफकिनांचं मत होतं.

पुस्तकांत या सगळ्याला अर्धी ओळ मिळते. ती सरळ १० जानेवारी १८९७ वर उडी मारतात, त्या दिवशी हाफकिननी स्वतःला लस टोचून घेतली म्हणून. धाडस मोठं होतंच. नंतर लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठी, १० घनसेंटिमीटरची मात्रा. आपल्याकडे नैवेद्य दाखवण्याआधी रांधणाऱ्यानं चव घ्यायची नसते. हाफकिननी घेतली, ताप चढला, उतरला, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपणहून दंड पुढे करून उभे राहिले.