कुळ की कर्तृत्व? : मेंढपाळी कुत्र्यांची परीक्षा

'कुत्रा' हा शब्द आपल्याकडे रागाच्या भरात शिवीसारखा तोंडी येतो. तथापि मनुष्याने कुत्र्यापासून सहा गुण शिकावे, असे चाणक्यनीती सांगते. आणि सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे धर्मराजाने नाकारले, ही कथा तर लहान मुलांसही ठाऊक असते. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून जातिवंत कुत्रे पाळण्याची हौस बरीच वाढली आहे. पिलू घेताना प्रथम त्याच्या वंशावळीचा कागद पाहण्यात येतो. तो कागद काय सांगतो व काय सांगत नाही, याचा थोडा विचार आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो. त्यासाठी त्यांना ब्रिटनमधील डोंगराळ कुरणांत न्यावे लागेल.

त्या देशात कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन १८५९ साली न्यूकॅसल येथे भरले. तेथे केवळ शिकारी जातींचे कुत्रे होते व त्यांची पारख शरीराच्या ठेवणीवरून झाली. पुढे १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब ही संस्था निघाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात वेल्समधील बाला या गावी लॉइड प्राइस नावाच्या जमीनदाराने अगदी निराळ्या प्रकारची चढाओढ ठेवली. कुत्र्याचे रूप नव्हे, तर मेंढ्या वळविण्याचे त्याचे काम पाहावयाचे, असे ठरले. दहा कुत्रे उतरले आणि वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश मेंढपाळाच्या 'ट्वीड' नामक कुत्र्याने बक्षीस मिळविले. मेंढपाळी कुत्र्यांच्या सामन्यांची परंपरा ब्रिटनमध्ये येथून सुरू झाली.

या सामन्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मालक मैदानाच्या एका टोकाशी खांबाजवळ उभा राहतो. सुमारे चारशे यार्डांवर पाच मेंढ्या सोडलेल्या असतात. कुत्र्याने त्यांना न बुजविता लांबून वळसा घालून पाठीमागे जावयाचे. याला २० गुण. मग मेंढ्यांना हळूच हलवावयाचे, याला १०. त्यांना सरळ रेषेत मालकाकडे आणावयाचे, याला २०. पुढे ठरलेल्या फाटकांतून त्यांना मालकापासून दूर हाकावयाचे, याला ३०. शेवटी कळपातून काही मेंढ्या वेगळ्या काढणे व सर्वांस कोंडवाड्यात घालणे, यांना प्रत्येकी १०. असे हे शंभर गुण, आणि वेळ सामान्यतः पंधरा मिनिटे. प्रारंभी सर्व गुण पदरात असतात. चूक होईल तसे ते कापले जातात. मेंढीस चावा घेणारा कुत्रा तर बादच होतो.

आज्ञा फार थोड्या. 'कम बाय' म्हटले की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावयाचे, 'अवे' म्हटले की उलट. दूर अंतरावर हेच शिटीने सांगतात. परंतु मेंढी कोणत्या क्षणी बिथरेल हे शिटी वाजविणाऱ्यापेक्षा कुत्र्यासच आधी कळते. केवळ हुकुमाचा ताबेदार येथे उपयोगी नाही आणि केवळ स्वच्छंदी तर नाहीच नाही. ज्यांनी आयुष्यभर वर्ग सांभाळले, त्या आमच्यासारख्यांना यातील मर्म तत्काळ पटते. शिष्यास सांगावे किती आणि त्याच्या बुद्धीवर सोपवावे किती, हे ज्याला साधले तोच गुरू.

आज 'बॉर्डर कोली' म्हणून जी जात प्रसिद्ध आहे, ती याच कामातून घडली. नॉर्थंबरलंडमधील अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली 'हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला. त्याची आई अतितीव्र नजरेची पण भित्री, बाप शांत व मनमिळाऊ; दोघांचे उत्तम ते मुलात उतरले. तो १९०१ साली मेला, पण आजच्या बहुसंख्य बॉर्डर कोलींची वंशरेषा त्याच्यापर्यंत जाऊन पोचते. १९०६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय मेंढपाळी कुत्रा संस्था या कुत्र्यांच्या वंशावळी ठेवते. विशेष हे की, ज्याचे आईबाप वहीत नाहीत असा कुत्राही काम करून दाखवील, तर केवळ गुणांच्या बळावर त्याची नोंद होऊ शकते. कुळाच्या वहीत कर्तृत्वासाठी एक दार उघडे ठेवलेले आहे.

पुढे १९७६ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने व १९९५ साली अमेरिकेच्या केनेल क्लबने या जातीस प्रदर्शनासाठी मान्यता दिली. अमेरिकेत तेव्हा पुष्कळ मेंढपाळांनी कसून विरोध केला. रंग, केस व कान यांवर बक्षिसे मिळू लागली की पैदास त्यांच्यासाठीच होईल आणि बुद्धी मागे पडेल, ही त्यांची भीती. ती निराधार नव्हती. दूरध्वनीच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे घरोघरी परिचित झालेला पग पाहावा. चपट्या तोंडाच्या हौसेपायी त्याचे नाक इतके आखूड झाले की उन्हाळ्यात त्यास श्वास घेणे जड जाते. २००८ साली बी.बी.सी.ने जातिवंत कुत्र्यांच्या व्याधींवर एक अनुबोधपट दाखविला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. २००९ साली केनेल क्लबने अतिनिकट रक्तसंबंधांतून झालेल्या पिलांची नोंद करणे बंद केले.

आपल्याकडील धनगराचा कुत्रा मेंढ्या वळवीत नाही. तो लांडग्यापासून त्यांचे रक्षण करतो. त्याच्याजवळ कसलाही कागद नसतो, पण रात्रीच्या पहाऱ्यात त्याची परीक्षा रोज होते.

तेव्हा घरात कुत्रा आणू इच्छिणाऱ्या कुटुंबांस आमचे इतकेच सांगणे की, कागद अवश्य पाहावा, पण आईबापांचे आरोग्य व स्वभाव त्याहून आधी पाहावा. त्या जातीचे मूळ काम कोणते हेही विचारावे. डोंगरावर दिवसभर धावण्यासाठी घडविलेला कोली तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत कोंडला, तर तो चपला कुरतडील आणि मुलांनाच मेंढ्या समजून वळवू लागेल. आणि तो दोष त्याचा नव्हे. ज्यास रोज तासभर त्याच्याबरोबर चालणे जमणार नाही, त्याने ही हौस न केलेली बरी. कुळ विकत मिळते. कर्तृत्वाला मात्र रोजचा सहवास लागतो, कुत्र्याच्याही आणि माणसाच्याही.