दहा हजार बोंडे, दोन मनगटे

दिवाळीच्या सुमारास आर्णी तालुक्यातल्या एखाद्या पांदणीने चालत गेलात, तर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचणाऱ्या बाया तुम्हांला दिसतील. त्यांच्या हातांच्या कामाचे एक छोटेसे गणित करू या. एका बोंडातून सरकीसह सुमारे 4 ग्रॅम कापूस निघतो असे धरा. एखादीने दिवसभरात 40 किलो कापूस वेचला, तर तिने किती बोंडे हाताळली? 40,000 भागिले 4, म्हणजे 10,000! आठ तासांचे सेकंद होतात 28,800. म्हणजे दर तीन सेकंदांना एक बोंड! दोन्ही हातांनी वेचले तरी एकेका हाताच्या वाट्याला 5,000 चिमटी येतात.

रात्री अंगठा ठणकू लागतो, बोटांना मुंग्या येतात. घरात सगळे म्हणतात, “कामाचा शीण आहे, झोपल्यावर जाईल.” पुष्कळदा तो जातोही, पण प्रत्येक वेळी नाही. का ते समजण्यासाठी तुमच्या पुस्तकातले थोडे बलशास्त्र पुरेसे आहे.

बोटे हलवणारे स्नायू कोठे आहेत?

डाव्या हाताची बोटे उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागावर ठेवा आणि उजव्या हाताची बोटे मिटा-उघडा. हालचाल कोठे जाणवते? बोटे वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसून तेथे आहेत! त्यांची ओढ बोटांपर्यंत पोचते ती कंडरांमार्फत. कंडरा म्हणजे चिवट दोऱ्याच. कठपुतळीच्या दोऱ्यांसारख्या त्या मनगटातून पुढे जातात.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडांचा व एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना हा मज्जातंतू वाहून नेतो. करंगळी मात्र त्याच्या अखत्यारीत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता चिमटीचे बल पाहा. बोटाच्या मधल्या सांध्यापासून टोक सुमारे 4 सेंमी अंतरावर असते. कंडरा मात्र सांध्याच्या मध्यापासून 1 सेंमीहूनही जवळून जातात. तरफेच्या नियमाने टोकाशी 1 किलोग्रॅम-भार एवढे बल लावायचे, तर कंडरांत एकूण 4 किलोग्रॅम-भाराहून अधिक ताण येतो. चिमटी लहान, पण दोऱ्यांवरची ओढ मोठी!

साठ अंशांची करामत

मनगट सरळ असेल तर ताणलेली कंडरा बोगद्यातून सरळ जाते आणि भिंतीवर विशेष दाबत नाही. मनगट वाकले की तीच दोरी कप्पीवरून वळावी तशी वळते. ती 60 अंशांनी वळली, तर तिच्या दोन भागांतील ताणांमध्ये 120 अंशांचा कोन होतो. बलांचा समांतरभुज चौकोन काढा. परिणामी बल ताणाएवढेच येते! म्हणजे 4 किलोग्रॅम-भाराचा ताण असेल, तर भिंतीवरचा दाबही तेवढाच. 30 अंशांना तो जवळजवळ निम्मा भरतो.

अशा दाबाखाली कंडरा हजारो वेळा मागेपुढे घासल्या की त्यांचे आवरण सुजते. अरुंद बोगद्यात सूज आली की मज्जातंतू चेपला जातो आणि मुंग्या येतात. अंगठ्याच्या बुडाशीही कंडरांची अशीच एक अरुंद वाट आहे. तेथील दुखणे फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये वर्णिले.

हा प्रकार आजचा नाही. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर 1700 मध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या 1713 च्या आवृत्तीत सतत लेखणी चालवणाऱ्या कारकुनांच्या हातांचे दुखणे आहे. लेखणी, बोंड किंवा मोबाइल, हाताला सगळे सारखेच!

मग करायचे काय?

दुखण्याला चार गोष्टी कारण होतात: जास्त बल, वाकलेले मनगट, तीच ती हालचाल आणि विसाव्याचा अभाव. यांतली एक जरी कमी केली तरी फरक पडतो.

लिहिताना पेन आवळून धरू नका. मित्राने ते हलकेच ओढले तर सुटून यावे, एवढीच पकड पुरे. फार बारीक, गुळगुळीत पेन टाळा. दर पानानंतर पेन खाली ठेवून बोटे पसरा. बोर्डाच्या परीक्षेसाठी लेखनाचा सराव एकदम न वाढवता रोज थोडा थोडा वाढवा.

वेचताना हात लांबवून मनगट मुरडण्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकावे. दोन्ही हातांना काम वाटून द्यावे. आणि दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे हात सैल सोडावेत. आखडलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. सैल झाला की रक्त पुन्हा खेळते.

“पण मजुरी किलोवर मिळते, थांबायचे कसे?” हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा हेही गणित करू. आठ तासांत असे 16 विसावे, म्हणजे 32 मिनिटे. तासाला 5 किलोच्या वेगाने सुमारे पावणेतीन किलो कापूस कमी भरेल. उलट हात सुजून एक दिवस घरी बसावे लागले, तर 40 किलो गेले! म्हणजे 15 दिवसांच्या विसाव्यांएवढे नुकसान एका दिवसात. शेतमालकानेही हा हिशेब करावा, कारण मजुराने एकट्याने थांबणे सोपे नसते.

दुखू लागलेच, तर ते काम काही दिवस थांबवावे किंवा कमी करावे. सुजलेल्या जागी जोराने रगडू नये. रात्री मुंग्या येत असतील, तर मनगट सरळ राखणारी पट्टी लावून झोपल्याने बहुधा आराम पडतो. ती घट्ट आवळू नये. मुंग्यांनी झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसत चालला असेल किंवा दोन आठवड्यांत उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. मधुमेह, थायरॉइडचे विकार किंवा गरोदरपण यांमुळेही असे होऊ शकते. मज्जातंतू फार काळ चेपलेला राहिला, तर गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही.

म्हणून आज घरी एक प्रश्न विचारा. आई, काकू किंवा आजीच्या हाताला मुंग्या येतात का आणि नेमक्या कोणत्या बोटांना? “करंगळी सोडून बाकीच्यांना,” असे उत्तर आले, तर तो नुसता शीण असेलच असे समजू नका. तिला मनगटातला बोगदा समजावून सांगा आणि दवाखान्यात सोबत जा.